वीक रेफरन्स हाताने लिहिताय? मग आधी मरणाचा क्रम ठरवा

कोड रिव्ह्यूमध्ये मी सगळ्यात जास्त वेळा टाकलेली कमेंट कुठली असेल तर ती ही: "जिवंत आहे का ते विचारलंस, पण धरून कुठे ठेवलंस?" दर सहा महिन्यांनी टीममध्ये कोणीतरी नवीन येतं, वीक रेफरन्सचा (ऑब्जेक्टकडे नुसता बघणारा, त्याला जिवंत न ठेवणारा पॉइंटर) छोटासा क्लास लिहितं, टेस्ट पास होतात, सगळे खूश, आणि महिन्याभराने कस्टमरकडून असा क्रॅश येतो की स्टॅक बघून काही म्हणजे काही कळत नाही. तेच ते परत परत समजावून कंटाळा आला म्हणून एकदाच क्रमाने लिहून ठेवतोय.

हे त्यांच्यासाठी आहे जे मेमरी स्वतः सांभाळतात. सी प्लस प्लस, रिटेन-रिलीजवालं जुनं ऑब्जेक्टिव्ह-सी, डेल्फी, किंवा साध्या सी मध्ये उभी केलेली ऑब्जेक्टची रचना. "मग स्टँडर्ड वीक पॉइंटर वापरा ना" असं कोणी म्हणेल, तर बरोबर आहे, सी प्लस प्लस ११ पासून तो आहे आणि जमत असेल तर तोच वापरा. पण कंपाइलर जुना असतो, सगळे ऑब्जेक्ट कंपनीच्या स्वतःच्या बेस क्लासमधून निघालेले असतात आणि तो बेस क्लास बदलायची कोणाची छाती होत नाही, असे कोडबेस हिंजवडीत प्रत्येक बिल्डिंगमध्ये एकतरी सापडेल. शिवाय पायरी ५ पासून पुढच्या चुका स्टँडर्डवाला वापरणारेही करतात, त्यामुळे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या. सदाशिव पेठेत तुमच्या मित्राचा वाडा होता, पत्ता तुमच्या डायरीत आहे. वाडा पडला, तिथे अपार्टमेंट झालं. पत्ता अजूनही "बरोबर" आहे, पोस्टमन तिथे पत्र टाकेल, दार वाजवलंत तर कोणीतरी उघडेलही, फक्त तो तुमचा मित्र नसेल. डँगलिंग पॉइंटर म्हणजे हे. बिघडलेला पत्ता परवडला, निदान तो लगेच कळतो. चालणारा पण चुकीच्या घरी नेणारा पत्ता महाग पडतो. आणि म्हणूनच पॉइंटरला नल चेक टाकून काही होत नाही, मालकाने ऑब्जेक्ट डिलीट केलं म्हणून तुमच्या डायरीतला पत्ता आपोआप खोडला जात नाही.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो. डेपो बसचा मालक. बस म्हणजे इथे एक फेरी, समजा स्वारगेट ते हिंजवडी, फेरी संपली की ऑब्जेक्ट मेलं. स्टॉपवरचा बोर्ड बस कुठे आली ते दाखवतो, तो मालक नाही, तो नुसता बघ्या. वीक रेफरन्सला मी टीममध्ये बघ्याच म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

पायरी १: कोड उघडायच्या आधी

कागद घ्या. खरंच कागद, नाहीतर हे कोणी करत नाही. ज्या क्लाससाठी बघ्या हवाय त्याच्याबद्दल चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

मालक कोण? एक असेल तर नाव लिहा, अनेक असतील तर रेफरन्स काउंट (किती जणांनी धरलंय त्याचा आकडा) आहे का ते लिहा. दोन जण स्वतःला मालक समजून डिलीट करत असतील तर इथेच थांबा, तो वेगळा आजार आहे आणि बघ्याने बरा होत नाही.

मरणाचं दार कुठलं? डिलीट नेमकं कुठून कुठून होतं ते शोधा. एका जुन्या कोडमध्ये मला एकाच क्लासचं डिलीट अकरा ठिकाणी सापडलं होतं, त्यातली दोन एरर हँडलिंगमध्ये लपलेली. आधी ती सगळी एका फंक्शनमध्ये आणा, मग डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट मरताना चालणारं फंक्शन) प्रोटेक्टेड करा म्हणजे बाहेरून कोणी डिलीट लिहिलं तर कंपाइलरच ओरडेल. हे काम कंटाळवाणं आहे पण हे न करता पुढे गेलात तर बाकीचं सगळं पाण्यात.

कुठला थ्रेड? बस मरते कुठल्या थ्रेडवर आणि बोर्ड बघतो कुठल्या. दोन्ही एकच असतील तर अर्धं ओझं कमी.

बघ्याला नक्की काय हवंय? "बस गेली" एवढंच कळायला हवंय की बस वापरायचीय? नुसती बातमी हवी असेल तर वीक रेफरन्सची गरजच नसते कधीकधी, मरताना एक कॉलबॅक पुरतो. डेल्फीत कंपोनंटचं फ्री नोटिफिकेशन नेमकं हेच करतं.

*तपासा:* चारही उत्तरं एकेका ओळीत मावली का? "ते डिपेंड करतं" असं उत्तर आलं तर अजून तयारी झालेली नाही.

पायरी २: पद्धत निवडा, मिक्स करू नका

तीन रस्ते आहेत.

पहिला, कंट्रोल ब्लॉक. ऑब्जेक्टच्या बाहेर एक छोटा ब्लॉक ठेवायचा, त्यात ऑब्जेक्टचा पत्ता आणि काउंट. बघे ब्लॉकला धरतात, ऑब्जेक्टला नाही. ऑब्जेक्ट मेलं तरी शेवटचा बघ्या जाईपर्यंत ब्लॉक राहतो. स्टँडर्डवाला साधारण असाच चालतो. थ्रेड एकापेक्षा जास्त असतील आणि मालकी काउंटवर चालत असेल तर दुसरं काही बघू नका, हेच घ्या.

दुसरा, यादी. प्रत्येक बघ्या आपल्या व्हेरिएबलचा पत्ता ऑब्जेक्टकडे नोंदवतो आणि ऑब्जेक्ट मरताना यादीतल्या सगळ्यांना नल करून जातं. ऑब्जेक्टिव्ह-सी च्या रनटाइममध्ये अशीच नोंद असते, फक्त ती ऑब्जेक्टमध्ये नाही तर बाजूच्या टेबलमध्ये. वापरायला गोड, पण बघ्या मेमरीत जागचा हलला की नोंद चुकते. कोणीतरी बघ्यांचा ॲरे रिअ‍ॅलॉकने वाढवला की नोंदी राहतात जुन्या पत्त्यावर, आणि ऑब्जेक्ट मरताना भलत्याच मेमरीत नल लिहून मोकळं होतं. असा एक बग शोधायला आम्हाला आठवडा लागला होता. यादीवाली पद्धत एका थ्रेडवर आणि बघे न हलणारे असतील तरच.

तिसरा, नंबरवाला हँडल. ऑब्जेक्ट एका टेबलात, बघ्याकडे पॉइंटरच नाही, फक्त खण नंबर आणि पिढी नंबर. खणातलं ऑब्जेक्ट गेलं की त्या खणाची पिढी एकने वाढते, जुन्या हँडलची पिढी जुळत नाही म्हणजे मेलं. भाड्याच्या फ्लॅटसारखं, फ्लॅट नंबर तोच पण करारनामा नवीन. गेम लिहिणारे हे खूप वापरतात आणि मलाही आवडतं, पण बिट मोजा. ३२ बिटात २० खणाला आणि १२ पिढीला दिले तर १०,४८,५७६ खण मिळतात पण पिढ्या फक्त ४,०९६, म्हणजे तोच खण ४,०९६ वेळा वापरून झाला की जुना हँडल परत जिवंत दिसायला लागतो. रिकामे खण "शेवटी आलेला आधी" अशा क्रमाने वाटले तर एकच खण सारखा वापरला जातो आणि ही वेळ लवकर येते, म्हणून रिकाम्या खणांची रांग ठेवा, ढीग नको. परवडत असेल तर सरळ ६४ बिट घ्या, ३२ आणि ३२.

*सावधान:* एकाच क्लाससाठी दोन पद्धती ठेवू नका. "जुना कोड यादी वापरतो, नवा ब्लॉक" असं केलंत की मरणाची दोन दारं होतात.

पुढच्या पायऱ्या कंट्रोल ब्लॉकच्या आहेत, कारण विचारणा त्याचीच जास्त होते आणि चुकाही त्यातच.

पायरी ३: ब्लॉकची मांडणी

ब्लॉकमध्ये तीन गोष्टी: ऑब्जेक्टचा पत्ता, मालक-काउंट, बघ्या-काउंट. ६४ बिट मशिनवर ८ अधिक ४ अधिक ४, म्हणजे १६ बाइट.

मालक-काउंट ब्लॉकमध्येच हवा, ऑब्जेक्टमध्ये नाही. ज्यांच्या बेस क्लासमध्ये काउंट आधीपासून आहे ते म्हणतात की तोच वापरतो, ब्लॉकमध्ये फक्त पत्ता ठेवतो. पण मग बस जिवंत आहे का हे बघायला तुम्ही बसच्याच मेमरीतला काउंट वाचणार, आणि बस मेली असेल तर ती मेमरी तुमची राहिलेलीच नाही. माणूस घरी आहे का हे बघायला त्याच्या पाडलेल्या घराची बेल वाजवण्यासारखं आहे ते.

सुरुवातीचे आकडे: मालक-काउंट १, बघ्या-काउंटही १. एकही बघ्या नसताना बघ्या-काउंट १ का, तर सगळे मालक मिळून एक बघ्या धरतात. हे लोक नेहमी उडवतात, "ऑप्टिमायझेशन" म्हणून. उडवलं तर काय होतं बघा: बसने आपल्या टायमरसाठी स्वतःचाच एक बघ्या मेंबर म्हणून ठेवलाय. शेवटचा मालक गेला, बसचा डिस्ट्रक्टर चालू झाला, त्यात तो मेंबर बघ्या सुटला, बघ्या-काउंट शून्य, ब्लॉक फ्री. आणि ज्या फंक्शनमधून डिस्ट्रक्टर बोलावला होता ते अजून संपलेलं नाही, ते परत येऊन त्याच ब्लॉकला हात लावतं. तो एक जास्तीचा काउंट या मधल्या क्षणासाठी आहे.

बहुतेक बसकडे बघ्या नसतोच म्हणून ब्लॉक गरज पडल्यावर बनवू, असा मोह होतो. काउंट ब्लॉकमध्ये आहे त्यामुळे ब्लॉक पहिल्यापासून हवाच, तो मोह टाळा. मेमरी फारच टाइट असेल तर ऑब्जेक्ट आणि ब्लॉक एकाच अलोकेशनमध्ये घ्या, मात्र मग एकही बघ्या शिल्लक असेपर्यंत ऑब्जेक्टचे बाइट परत मिळत नाहीत. डिस्ट्रक्टर चाललेला असतो पण मेमरी अडकलेली. स्टँडर्ड लायब्ररीतल्या मेक-शेअर्डनेही हेच होतं. दोन एमबीचा बफर पोटात असलेलं ऑब्जेक्ट आणि कॅशमध्ये विसरलेला एक बघ्या, मग "लीक डिटेक्टर काही दाखवत नाही पण मेमरी वाढतेय" अशा तक्रारी येतात.

पायरी ४: बघ्याची पाच कामं

बनणं, कॉपी, हलवणं, असाइन, मरणं. पाचही लिहा, नाहीतर नको ती स्पष्टपणे बंद करा. कंपाइलरने स्वतः बनवलेली कॉपी काउंट वाढवत नाही, पत्ता तेवढा उचलते.

असाइनमध्ये क्रम: आधी नव्याचा काउंट वाढवा, मग जुन्याचा कमी करा. उलटं केलंत आणि दोन्ही एकच निघाले तर कमी करताना ब्लॉक फ्री, मग वाढवताना क्रॅश.

बघे मॅपमध्ये की म्हणून ठेवायचे असतील तर ऑब्जेक्टच्या पत्त्यावर हॅश करू नका. बस मेल्यावर दुसरी बस त्याच पत्त्यावर येऊ शकते आणि दोन वेगळ्या बसची एकच की होते. ब्लॉकचा पत्ता वापरा. बघ्या जिवंत असेपर्यंत ब्लॉक फ्री होत नाही म्हणून तो पत्ता दुसऱ्याला मिळूच शकत नाही.

बघ्याला सरळ बाणाने मेंबर वापरता येईल असा ऑपरेटर देऊ नका, प्लीज. सोय वाटते पण मग कोणी पुढची पायरी वापरतच नाही.

पायरी ५: पकड

मुख्य काम इथे आहे. बघ्यापासून मालक बनवायचा, तेही बस जिवंत असेल तरच. स्टँडर्डमध्ये याला लॉक म्हणतात पण त्या नावाने म्युटेक्सशी (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) गोंधळ होतो, मी पकड म्हणतो. कोड मराठीतच लिहितोय, आपापल्या भाषेत उतरवून घ्या.

आधी चुकीचं, जे दर वेळी येतं:

    जर ब्लॉक.मालक_काउंट > ०:
        ब्लॉक.मालक_काउंट += १
        परत दे ब्लॉक.ऑब्जेक्ट

पहिल्या ओळीत काउंट १ होता. दुसऱ्या ओळीच्या आधी डेपोने दुसऱ्या थ्रेडवर शेवटचा रेफरन्स सोडला, काउंट ०, डिस्ट्रक्टर सुरू. आता तुम्ही शून्याचा एक केलात आणि मरत असलेली बस बोर्डाच्या हातात दिलीत. मग बोर्डाने सोडली की काउंट परत शून्य आणि डिस्ट्रक्टर दुसऱ्यांदा. काउंट अ‍ॅटॉमिक आहे (एकेक क्रिया मधे न तुटणारी) म्हणून हे वाचत नाही, दोन्ही ओळी वेगवेगळ्या अ‍ॅटॉमिक आहेत, मधली फट तशीच आहे.

बरोबर असं:

    न = ब्लॉक.मालक_काउंट
    जोवर न ≠ ०:
        जर अजूनही_न_असेल_तर_बदल(ब्लॉक.मालक_काउंट, न, न + १):
            परत दे ब्लॉक.ऑब्जेक्ट
        न = ब्लॉक.मालक_काउंट
    परत दे नल

ती "अजूनही न असेल तर बदल" म्हणजे कंपेअर-एक्स्चेंज, विचारणं आणि धरणं एकाच झटक्यात. शून्यावरून एकवर जायला इथे वाटच नाही, आणि तोच सगळा मुद्दा आहे. एकदा शून्य म्हणजे कायमचं शून्य. अ‍ॅटॉमिकच्या मेमरी ऑर्डरचे खेळ खेळू नका, डिफॉल्ट सगळ्यात कडक असतो तो राहू द्या, प्रोफायलरने नाव घेतलं तर बघू.

आणि पकडलेलं लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा. "पकडला, नल नाही, सोडला, परत पकडून वापरला" असं दोन वेळा लिहिलेलं मी बघितलंय. दुसऱ्यांदा नल आला की झालं.

ज्यांच्याकडे काउंटच नाही, डेपो थेट डिलीट करतो, त्यांना खरी पकड मिळतच नाही हे मान्य करा. तिथे बघ्या फक्त "आत्ता आहे का" सांगू शकतो, एकाच थ्रेडवर, आणि ते उत्तरही पुढच्या अशा कॉलपर्यंतच खरं जो बसला मारू शकेल. बोर्डाने बसचं फंक्शन बोलावलं, त्यातून इव्हेंट गेला, तो ऐकून डेपोने बस डिलीट केली, आणि परत आलात तेव्हा तुम्ही मेलेल्या बसच्या पोटात उभे. यावर उपाय म्हणजे मरण पुढे ढकलणं: बसवर लगेच "मेली" शिक्का मारायचा, बघ्यांना नल द्यायला लागायचं, पण प्रत्यक्ष डिलीट इव्हेंट लूप मोकळा झाल्यावर. क्यूटी या सी प्लस प्लस लायब्ररीतलं डिलीट-लेटर डिलीट असंच पुढे ढकलतं, शिक्क्याचं मात्र तुम्हालाच बघायचं.

*तपासा:* कोडमध्ये "जिवंत_आहे()" असं फंक्शन सर्च करा. ते लॉगिंग सोडून कुठेही वापरलं असेल तर तिथे बग आहे, आज दिसो वा न दिसो.

पायरी ६: मरणाचा क्रम

    सोड():
        उरले = ब्लॉक.मालक_काउंट मधून १ वजा कर
        जर उरले == ०:
            ब्लॉक.ऑब्जेक्ट नष्ट कर
            बघ्या_सोड(ब्लॉक)

    बघ्या_सोड(ब्लॉक):
        उरले = ब्लॉक.बघ्या_काउंट मधून १ वजा कर
        जर उरले == ०:
            ब्लॉक फ्री कर

"उरले" हा वजाबाकीनेच परत दिलेला आकडा आहे. वजा करून मग काउंट वेगळा वाचलात तर दोन थ्रेडना दोघांनाही शून्य दिसेल आणि दोघंही अंत्यसंस्कार करतील. शून्य नसेल तर त्यानंतर ब्लॉककडे ढुंकूनही बघायचं नाही, तो पुढच्याच क्षणी दुसरा कोणी फ्री करेल.

क्रम असा की आधी बघ्यांसाठी दार बंद, मग डिस्ट्रक्टर. काउंट पद्धतीत हे आपोआप होतं कारण काउंट शून्य झाल्यावरच डिस्ट्रक्टर चालतो. पण यादीवाल्यांची इथे हमखास चूक होते: यादी बेस क्लासमध्ये असते, म्हणून नल करायचं काम बेसच्या डिस्ट्रक्टरमध्ये टाकतात. सी प्लस प्लसमध्ये आधी डिराइव्हडचा डिस्ट्रक्टर चालतो, मग मेंबर, मग बेस. म्हणजे बसचे सगळे मेंबर जाऊन झाले तरी बघ्यांना बस जिवंतच दिसते. ही चूक नवखेच करतात असं नाही. क्यूटी ५ मध्ये क्यूपॉइंटरची (क्यूटीचा तयार बघ्या) वागणूक बदलली, आधी विजेटच्या डिस्ट्रक्टरमध्ये तो नल व्हायचा, ५ पासून मुळाच्या क्यूऑब्जेक्टच्या डिस्ट्रक्टरमध्ये होतो, त्यामुळे विजेट आपली पोरं डिलीट करत असताना त्याच्यावरचे पॉइंटर अजून भरलेले असतात. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तसा इशारा छापलेला आहे. तुमच्याकडे यादी असेल तर नल करायचं काम पायरी १ मधल्या त्या एकाच दारात टाका, डिलीटच्या आधीच्या ओळीत.

*सावधान:* डिस्ट्रक्टरच्या आतून स्वतःला मालक म्हणून कोणाला देऊ नका. "मी चाललो" असं सांगताना लोक पॅरामीटरमध्ये स्वतःचा स्ट्राँग (म्हणजे मालकीचा) रेफरन्स पाठवतात, काउंट शून्याचा एक, परत शून्य, परत डिस्ट्रक्टर. निरोप द्यायचा तर फक्त आयडी पाठवा. काउंट वाढवणाऱ्या फंक्शनमध्ये "आधीचा काउंट शून्य नव्हता" असा असर्ट (खोटं निघालं की तिथेच थांबवणारी तपासणी) टाका, हा एक असर्ट बरंच काही पकडतो.

कन्स्ट्रक्टरचंही तसंच. बस पूर्ण बनायच्या आधी बोर्डाला बघ्या दिला तर बोर्ड अर्धवट बस पकडेल. स्टँडर्डमध्ये कन्स्ट्रक्टरमधून शेअर्ड-फ्रॉम-धिस (स्वतःचाच मालक-पॉइंटर मागणारं फंक्शन) बोलावलं तर सी प्लस प्लस १७ पासून एक्सेप्शन येतं, त्याआधी काय होईल याची हमीच नव्हती. बनवणारं फंक्शन वेगळं ठेवा: आधी बस बनवा, मग नोंदणी करा.

पायरी ७: बघ्यांची यादी फिरताना

आता उलट बाजू. बसकडे बोर्डांची यादी आहे, बस हलली की सगळ्या बोर्डांना कळवायचं. इथे बोर्ड हे बघ्याने धरलेले.

चुकीचा क्रम: म्युटेक्स घेतला, यादी फिरलो, प्रत्येकाला पकडलं, कॉल केला, पुढे. यात दोन सुरुंग आहेत. बोर्डाने कॉलमध्येच स्वतःला यादीतून काढलं तर यादी तुमच्या पायाखालून सरकते. दुसरा जास्त वाईट: तुम्ही बोर्ड पकडलात, तेवढ्यात बाकीच्यांनी तो सोडला, म्हणजे शेवटचे मालक तुम्हीच. लूपचं पुढचं चक्कर सुरू होताना तुमचं लोकल व्हेरिएबल सुटतं, बोर्डाचा डिस्ट्रक्टर चालतो, तो यादीतून नाव काढायला तोच म्युटेक्स मागतो, जो तुमच्याच हातात आहे. प्रोग्रॅम तिथेच बसला, क्रॅश पण नाही. आमच्याकडे हा फक्त शुक्रवारी संध्याकाळी यायचा कारण तेव्हा डेमो मशीनवर कोणीतरी बोर्ड धडाधड बंद करायचं, आणि आम्ही तीन आठवडे नेटवर्कला शिव्या दिल्या.

बरोबर क्रम:

१. म्युटेक्स घ्या, यादीतल्या प्रत्येकाला पकडून वेगळ्या लोकल ॲरेमध्ये भरा, जे नल आले त्यांना यादीतून झाडा.
२. म्युटेक्स सोडा.
३. लोकल ॲरे फिरून कॉल करा.
४. लोकल ॲरे इथेच सुटू दे, म्युटेक्स हातात नसताना.

या क्रमातल्या १ मध्ये पकडलेला बोर्ड चुकून म्युटेक्सखालीच सुटला तर गेलं सगळं, त्यामुळे ॲरेची जागा आधीच राखून ठेवा म्हणजे मध्ये मेमरी संपून एक्सेप्शन आलं असं होणार नाही. मेलेले झाडायचं विसरू नका, नाहीतर यादी वाढतच जाते आणि मेलेल्या प्रत्येक बोर्डाचा ब्लॉक अडकून राहतो.

लॅम्डा (जागेवर लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) वापरत असाल तर कॅप्चरमध्ये (बाहेरून आत नेलेल्या गोष्टींत) बघ्या द्या, पकड लॅम्डाच्या आत करा. सोयीसाठी लोक बाहेर पकडतात आणि पकडलेलंच कॅप्चर करतात. मग बस टायमरची मालक, टायमर लॅम्डाचा मालक, लॅम्डा बसची मालक, आणि कोणीच मरत नाही. बघ्या आणला होता नेमकी हीच गाठ सोडवायला.

पायरी ८: शेवटचा कोण, कुठल्या थ्रेडवर

पकड बरोबर लिहिल्यावर एक नवाच प्रश्न येतो, आणि तो बहुतेकांना क्रॅश झाल्यावरच कळतो. वर्कर थ्रेडने बोर्ड पकडला, काम चालू आहे, तेवढ्यात मेन थ्रेडवरच्या मालकाने सोडला. आता शेवटचा मालक वर्कर. त्याने सोडलं की बोर्डाचा डिस्ट्रक्टर वर्करवर चालणार, आणि बोर्डाच्या पोटात विंडोचा हँडल आहे जो फक्त मेन थ्रेडवरच मोडायचा असतो.

"दादा, बघ्या तर बरोबर आहे ना मग," असं मला एका मुलाने विचारलं होतं, आणि बघ्या खरंच बरोबर होता. उपाय सोड() मध्ये आहे: उरले शून्य झाल्यावर थ्रेड तपासा, चुकीचा असेल तर नष्ट करायचं काम मेन थ्रेडच्या रांगेत टाका. काउंट आधीच शून्य आहे त्यामुळे मधल्या काळात कोणी पकडू शकत नाही, घाई नाही. फक्त ॲप बंद होताना ती रांग पूर्ण रिकामी होते ना ते बघा.

पायरी ९: टेस्ट, ज्या मुद्दाम वाईट वागतात

"बनवला, सोडला, पकड नल देते" ही टेस्ट सगळे लिहितात. ती लिहाच, पण त्याने वर सांगितलेलं काहीच सापडत नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली टेस्ट अशी: बसच्या डिस्ट्रक्टरच्या पहिल्या ओळीत टेस्टपुरती ५० मिलीसेकंदांची झोप टाका. एका थ्रेडवर शेवटचा मालक सोडा, दुसऱ्या थ्रेडवर त्या ५० मिलीसेकंदांत सारखं पकड बोलवत राहा. प्रत्येक वेळी नलच आला पाहिजे. पायरी ५ मधला चुकीचा कोड नेहमीच्या रनमध्ये हजारदा पास होईल, म्हणून त्याच्या दोन ओळींच्या मध्येही अशीच झोप टाकून बघा, तो लगेच उघडा पडतो.

मग बस स्वतःचा बघ्या पोटात ठेवते ती केस, स्वतःलाच असाइन, आणि म्युटेक्सखाली शेवटचा मालक होणं. ही शेवटची टेस्ट टाइमआउटसकट लिहा, नाहीतर बिल्ड सर्व्हर रात्रभर लटकलेला राहतो.

हे सगळं अ‍ॅड्रेस सॅनिटायझरखाली चालवा. तो जीसीसी ४.८ आणि क्लँग ३.१ पासून आहे, म्हणजे बऱ्याच जुन्या टूलचेनवरही मिळेल. तो फ्री झालेली मेमरी लगेच परत वाटत नाही, बाजूला अडकवून ठेवतो, त्यामुळे पाडलेल्या वाड्यात पाऊल टाकलंत की तिथल्या तिथे पकडतो. थ्रेडच्या भानगडींसाठी थ्रेड सॅनिटायझर वेगळा चालवा, दोन्ही एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत, दोन बिल्ड लागतील. एमएसव्हीसीवाले (मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर वापरणारे) डिबग बिल्डमध्ये असतील तर क्रॅशच्या वेळी मेमरी विंडोत डीडी डीडी डीडी अशी रांग दिसते का बघा, तो डिबग हीपने फ्री केलेल्या जागेत भरलेला बाइट असतो.

शेवटी डिबग बिल्डमध्ये दोन ग्लोबल काउंटर ठेवा, जिवंत ऑब्जेक्ट किती आणि जिवंत ब्लॉक किती. प्रोग्रॅम बंद होताना दोन्ही शून्य हवेत. ऑब्जेक्ट शून्य आणि ब्लॉक १४ असे आले तर पायरी ७ मधलं झाडणं राहिलंय. दोन्ही सारखेच आणि शून्य नाहीत, तर कुठल्यातरी लॅम्डाने मालक कॅप्चर केलाय, कॅप्चर लिस्ट सर्च करायला घ्या.